मयत झालं की बांगड्या फोडायला पुढं कोण येतं? (गावात ठराव करायचाय, अनुभव हवेत)

पंचगंगाकाठ

मंडळी, येत्या ग्रामसभेत आमच्या गावात विधवा प्रथा बंदीचा ठराव मांडायचा घाट घातलाय. घाट घालणाऱ्या म्हणजे बचत गटातल्या काही जणी, अंगणवाडीच्या ताई आणि मी. मी गटाची सचिव, म्हणजे वह्या लिहिणारी.

ज्यांच्या कानावर आलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. आमच्याच शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडनं ४ मे २०२२ ला ग्रामसभेत ठराव केला, की नवरा वारल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, डोरलं तोडायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, जोडवी काढायची नाहीत. राजर्षी शाहू महाराजांची स्मृतिशताब्दी दोनच दिवसांवर होती. सरपंच सुरगोंडा पाटील. मूळ कल्पना सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळ्याच्या प्रमोद झिंजाडेंची. त्यांच्या एका सहकाऱ्याचा कोरोनाच्या काळात मृत्यू झाला, तेव्हा त्याच्या बायकोच्या बांगड्या फोडताना त्यांनी पाहिलं. पुढं त्यांनी स्वतःसाठी प्रतिज्ञापत्रच करून ठेवलं, की माझ्यामागं माझ्या बायकोवर यातलं काही लादायचं नाही. हेरवाडनंतर आमच्याच कोल्हापूर जिल्ह्यातल्या माणगावनंही ठराव घेतला. १७ मे २०२२ ला ग्रामविकास खात्यानं परिपत्रक काढून सगळ्या ग्रामपंचायतींना हाच कित्ता गिरवायला सांगितलं.

आमच्याकडं ठराव होईल, त्याची चिंता नाही. हात वर करायला काय लागतं? चिंता पुढची आहे. माणूस गेल्यावर दोन-तीन तासांत जे घडतं, तिथं कागद कोण वाचतो? ज्या गावांत ठराव झालेत तिथल्या कुणी आहे का इथं? आणि दुसरं, गटाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवावरून आमच्यातच दोन तट पडलेत. त्यावरही बोला.

ओसरी

पहिला मान माझा. विषय चांगला आहे, पण २०२२ चा गाजावाजा आठवा. टीव्हीवाले आले, सत्कार झाले, मग सगळं थंड. परिपत्रकाला दात नाहीत. ठराव मोडला तर दंड नाही, गुन्हा नाही. मग उपयोग काय?

भालचंद्र_नव्हे

ओसरी, १८५६ च्या विधवा पुनर्विवाह कायद्याला कुठले दात होते? कायदा आला तरी लग्नं होईनात. विष्णुशास्त्री पंडितांना १८६६ मध्ये विधवाविवाहोत्तेजक मंडळी काढावी लागली. धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ ला गोदूबाईंशी लग्न केलं, म्हणजे कायद्याला सदतीस वर्षं होऊन गेल्यावर, तरी मुरुडला त्यांना वाळीत टाकलंच. कागद आधी येतो, माणसं मागून येतात. कधी कधी फारच मागून.

सातबारा_बाई

भालचंद्र, त्याच १८५६ च्या कायद्याची दुसरी बाजू कुणी सांगत नाही म्हणून सांगते. त्यातल्या दुसऱ्या कलमानं पुनर्विवाह करणाऱ्या विधवेचा पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा हक्क काढून घेतला. आता बघा, पुनर्विवाहाची अडचण मुळात होती कुणाला? वरच्या जातींना. बाकी कित्येक जातींत पाट लावायची रीत आधीपासून होतीच. पण मुंबई इलाख्यात कोर्टानं त्या बायकांनाही हेच कलम लावलं. म्हणजे सुधारणा एकीसाठी झाली आणि जमीन दुसरीची गेली.

मी मराठवाड्यात एकल महिलांबरोबर काम करते. (विधवा, टाकलेल्या, घटस्फोटित, लग्न न झालेल्या, सगळ्या एकत्र. आमच्याकडं 'एकल' म्हणतात.) स्पष्टच बोलते, कुंकवाचा मुद्दा मला दुय्यम वाटतो. शेतकऱ्यानं फास घेतला की तिसऱ्या दिवशी दीर कागद घेऊन येतो. 'वहिनी, सोसायटीच्या कर्जासाठी सही लागते.' ती पदर सावरत सही करते आणि वर्षानं कळतं, की ते हक्कसोडपत्र होतं. नोंदणीसाठी तिला निबंधक कार्यालयात नेलेलं असतं, फोटो काढलेला असतो, अंगठाही दिलेला असतो. तिला वाटलेलं बँकेचं काम आहे. अशा बाईला टिकली लावायची मुभा देऊन काय करू?

ठरावात घालायचंच असेल तर हे घाला, की दिवसकार्य होईपर्यंत तिच्यापुढं कुणी कुठलाही कागद धरायचा नाही. १९५६ पासून विधवा ही पहिल्या वर्गाची वारस आहे, मुलांच्या बरोबरीनं. तिनं पुन्हा लग्न केलं तरी आलेला वाटा जात नाही. हे गावात कितींना ठाऊक आहे ते विचारा.

माडवेल

सातबारा_बाई, मी गोव्यातला. आमच्याकडे पोर्तुगीज काळापासूनचा समान नागरी कायदा. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर लग्न होताच मिळकतीत बायकोचा अर्धा हिस्सा. नवरा गेला तर तिच्या अर्ध्याला कुणी हात लावू शकत नाही, वाटणी होते ती उरलेल्या अर्ध्याची. तुमच्या हिशेबानं आमच्या बायका मोकळ्या हव्यात.

तर ऐका. माझी मावशी. घर अर्धं तिचं, बागायत अर्धी तिची, काजूचे पैसे तिच्याच हातात. पण चवथीला गणपतीवर माटोळी (फळापानांची सजावट) बांधताना ती मागच्या पडवीत. पुतणीच्या लग्नात हळद लावायची वेळ आली की आपणहून स्वयंपाकघरात जाऊन बसते, म्हणजे कुणाला 'सरक' म्हणायची पाळी नको. कुणी हाकललेलं नाही हो तिला. पंचवीस वर्षांत कुणी बोलावलंही नाही, एवढंच.

मिळकत हवीच. पण मिळकतीनं हे आपोआप सुटत नाही.

सातबारा_बाई

मुद्दा मान्य. पण तुमची मावशी निदान पडवीत तरी आहे. माझ्याकडच्या बायकांना पडवीही उरत नाही. क्रम माझा तोच राहील.

ओसरी

दोन्ही एकदम करायला कुणी बंदी घातलीय का?

कृष्णामाई

पंचगंगाकाठ, तुमच्या मूळ प्रश्नावर येते. आमच्या गावात ठराव झालाय. (सांगली जिल्हा, गावाचं नाव राहू दे.) ठराव झाल्यावर पहिलं मयत झालं ते पस्तिशीच्या पोराचं, ट्रॅक्टरखाली. दारात बायकांचा गराडा. तिरडी उचलायच्या आधी एक म्हातारी नेहमीप्रमाणं पुढं सरकली. एका हातात दगड, दुसऱ्या हातानं त्या पोरीचं मनगट धरलेलं. ती म्हातारी कोण? तीही विधवाच. पन्नास वर्षांपूर्वी तिचा चुडा असाच फोडलेला. गावात हे काम ठरावीक बायकांकडंच असतं, ज्यांचं 'आता काही जायचं राहिलेलं नाही' अशांकडं. सवाष्ण कधी दगड उचलत नाही, तिला वाटतं आपल्याला लागेल.

सरपंच तिथंच उभे होते, मान खाली घालून. त्या क्षणी कोण बोलणार? बोलणारा 'मयताच्या दारात भांडला' म्हणून जन्मभराचा बदनाम.

बांगड्या फुटल्या. मनगटाला काच लागली ती वेगळीच.

त्यानंतर आमच्या गटानं एक काम केलं. ज्या चार-पाच म्हाताऱ्या हे काम करतात त्यांच्या घरी गेलो, चहाला. भाषण दिलं नाही. एवढंच विचारलं, 'आज्जी, तुमच्या वेळी कुणी फोडल्या?' पहिल्या आज्जीनं नाव सांगितलं, कुठल्या पायरीवर बसवलं होतं ते सांगितलं, बांगड्यांचा रंगसुद्धा सांगितला. मग म्हणाली, 'मी न्हाई फोडल्या तर दुसरी फोडंल. आन् मला म्हणतील, म्हातारीला रीत ठावं न्हाई.' म्हटलं, पाचही जणींनी नाही म्हटलं तर? तर ती हसली.

पाचातल्या तिघी तयार झाल्या. चौथी नंतर वारली. पाचवी अजून बधलेली नाही, पण एकटी पुढं येत नाही. दुसरं असं ठरवलं, की खबर आल्याबरोबर गटातल्या दोघींनी त्या घरी पोचायचं आणि बाईच्या दोन्ही अंगांना बसायचं. तिचे हात आपल्या पदराखाली, आपल्या हातात. भांडायचं नाही, बोलायचंही नाही. हातच सापडला नाही तर फोडणार काय?

भालचंद्र_नव्हे

कृष्णामाई, अंगावर काटा आला. आणि एक जुनी गोष्ट आठवली. १८९० मध्ये मुंबईत न्हाव्यांनी विधवांचं केशवपन करायचं नाकारलं होतं. पुढाकार नारायण मेघाजी लोखंड्यांचा, म्हणजे 'दीनबंधु'चे संपादक आणि गिरणी कामगारांची पहिली संघटना उभी करणारे सत्यशोधक. शास्त्रार्थ काय, संमतीपत्रकं काय, सुधारक मंडळी कितीतरी वर्षं वाद घालत होती. यांनी वस्तराच खाली ठेवला. प्रथा कितीही जुनी असो, दर वेळी ती कुणाच्या तरी हातानं करावी लागते. तुमच्या आज्ज्यांनी तेच केलं.

ओसरी

+१. दात नसलेल्या परिपत्रकावर मी जे बोललो ते तसंच ठेवतो, पण ही कल्पना दातांपेक्षा भारी आहे.

शास्त्री_बुवा

एक शंका. धर्मशास्त्रात जे आहे ते श्रद्धेनं पाळणाऱ्या स्त्रिया आहेत. माझ्या आईनं वडील गेल्यावर स्वतःहून कुंकू लावणं सोडलं. कुणी सांगितलं नव्हतं. उद्या तुमच्या गटातल्या बायका येऊन तिला म्हणणार, लावा टिकली? ही सक्तीच झाली की.

पंचगंगाकाठ

बुवा, शंका रास्त आहे आणि आमच्या मसुद्यात ती अडचण होतीच. पहिल्या मसुद्यात एका उत्साही सदस्यानं 'विधवा स्त्रिया कुंकू, मंगळसूत्र, जोडवी घालतील' असं लिहिलेलं. गटातल्या एक काकू फाडकन म्हणाल्या, 'नवरा दारू पिऊन मारायचा. त्याच्या नावाचं डोरलं मी आता मेल्यावरबी घालू व्हय?' तेव्हा वाक्य बदललं. आता असं आहे: 'पतीच्या निधनानंतर कोणत्याही स्त्रीचे कुंकू, मंगळसूत्र, बांगड्या, जोडवी इतर कोणीही काढणार नाही वा काढण्यास भाग पाडणार नाही. काय ठेवावे, काय काढावे हे ती स्त्री तिच्या सवडीने ठरवेल.' 'तिच्या सवडीने' हे शब्द अंगणवाडीच्या ताईंचे. ग्रामसेवक म्हणाले, हे सरकारी भाषेत बसत नाही. म्हटलं, बसवा.

शास्त्री_बुवा

असं असेल तर माझी हरकत नाही.

दूरदेशी_नणंद

मी न्यू जर्सीत. इथं सगळे शिकलेले, बायका नोकऱ्या करणाऱ्या, त्यामुळं हे गावाकडचं वाटून कुणी सोडून देऊ नये. आमच्या एका मंडळात (नाव घेत नाही) संक्रांतीचं हळदीकुंकू एका सभागृहात असतं, फोटो, उखाणे, सगळं. माझ्या मैत्रिणीचा नवरा बेचाळिसाव्या वर्षी हृदयविकारानं गेला. पुढच्या संक्रांतीला तिला 'रजिस्ट्रेशन डेस्क'वर बसायचं काम दिलं. 'तुला अवघडल्यासारखं व्हायला नको म्हणून' म्हणे. तिनं पावत्या फाडल्या आणि सगळ्यांच्या कपाळाला लागताना बघितलं. पुढच्या वर्षापासून आलीच नाही.

झिपरी

मी चौतिशीची, लग्न केलेलं नाही, करायचं नाही. हळदीकुंकवाला मलाही 'बस हं इथे' असतं. त्यामुळं विधवांना बोलवा म्हणताना बाकीच्यांनाही धरा. माझं मत तर हे आहे, की हळदीकुंकू हा प्रकारच बंद करून तिळगुळाचा कार्यक्रम ठेवा. कपाळावरून माणसं निवडायची भानगडच नको.

कृष्णामाई

झिपरी, तत्त्व म्हणून तुझं बरोबर. पण गावात बाईला घराबाहेर पडायला, नवी साडी नेसायला वर्षातनं जे दोन-चार मोके मिळतात त्यात हा एक. तो बंद करा म्हटलं की सगळ्या सवाष्णी विरोधात जातील, आणि बाहेर राहिलेल्यांना आत यायचं दार उरणारच नाही. आम्ही तोच ठेवला आणि सगळ्यांना बोलावलं. पहिल्या वर्षी पंचाईत अशी झाली, की विधवा बायका आल्या, पण मागच्या भिंतीला टेकून बसल्या आणि कुंकवाचा करंडा आला की कपाळ मागं घेऊ लागल्या. दुसऱ्या वर्षी उलटं केलं. करंडा त्यांच्याच हातात दिला, लावायचं काम त्यांचं. पहिलीचा हात थरथरत होता, आणि समोरची सवाष्णही क्षणभर दचकलीच, खोटं कशाला सांगू. दोघी-तिघी तिथून उठून गेल्या. बाकीच्या बसल्या.

वाण म्हणून स्टीलचा डबा होता. डब्यासाठी का होईना, बसल्या.

झिपरी

हाहा, डब्याचा विजय असो. पण मुद्दा सोडत नाही. शहरात आम्ही तिळगूळच करणार.

पंचगंगाकाठ

आमच्यातले दोन तट नेमके हेच, झिपरीचा आणि कृष्णामाईंचा. मी दुसऱ्या तटात आहे. करंडा त्यांच्या हाती द्यायची कल्पना मात्र आम्हाला सुचली नव्हती. चोरते.

ग्रामसभा_बहाद्दर

मी दहा वर्षं सदस्य होतो, थोडं कामाचं सांगतो. एक, विषय आयत्या वेळी मांडू नका. सात-आठ दिवस आधी लेखी अर्ज देऊन पोच घ्या आणि विषयपत्रिकेवर आणा. दोन, ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घेणं कायद्यानंच आहे. बहुतेक गावांत ती फक्त वहीत होते, घरोघर सह्या फिरवून. ती खरोखर भरवा आणि ठराव आधी तिथं मंजूर करून घ्या, म्हणजे मुख्य सभेत 'बायकांनाच नकोय' म्हणायला तोंड राहत नाही. तीन, गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातलं जे कमी असेल ते. ती भरलीच पाहिजे. तहकूब सभेत झालेल्या ठरावावर उद्या कुणीतरी बोट ठेवतो. चार, सूचक आणि अनुमोदक दोघीही बायका असू द्यात. हेरवाडलाही बायकांनीच मांडला होता.

दात पाहिजेत म्हणणाऱ्यांसाठी: ठरावाला नसले तरी २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याला आहेत. सासरच्यांनी विधवा सुनेला घराबाहेर काढलं, तिला अपमानित केलं, तर तालुक्याच्या संरक्षण अधिकाऱ्याकडं तक्रार करता येते. नवरा नाही म्हणून त्या घरात राहायचा तिचा हक्क संपत नाही.

पंचगंगाकाठ

भारी. मग आता ठरावाच्या मागं जोडायचं पान असं धरते: खबर आल्यावर त्या घरी कुठल्या दोघींनी जायचं याची वाडीवार यादी. बांगड्या फोडणाऱ्या आज्ज्यांशी आधी बोलणं. दिवसकार्य होईपर्यंत सह्या नाहीत. हळदीकुंकवाचं बोलावणं गटातर्फे घरोघर, माणूस बघून नाही. आणि झिंजाडेंसारखं लेखी: जे पुरुष तयार असतील त्यांनी जिवंतपणी लिहून द्यायचं. आत्तापर्यंत तीन जण तयार आहेत, त्यात एक माझा नवरा. सासूबाई त्या दिवसापासून माझ्याशी बोलत नाहीत. त्यांना वाटतंय, मी त्याच्या मरणाची वाट बघतेय.

ओसरी

सासूबाईंना सांगा, मासिक हप्ता न भरता विमा काढलाय म्हणून.

दूरदेशी_नणंद

हे लिहून देणं मला फार पटलं. बाई स्वतः म्हणाली 'फोडू नका' तर ती निर्लज्ज ठरते. गेलेल्या माणसाचा शब्द म्हटला की आपल्याकडं सगळे गप्प बसतात. तिकडं जाऊन ठराव करता येत नाही, पण आमच्या पंधरा-वीस घरांत हे कागद करून घ्यायला मी लागते.

सातबारा_बाई

पानात अजून एक ओळ घाला. मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची असते. त्याच दिवसांत बाईला उंबऱ्याबाहेर पडू देत नाहीत, म्हणून ती नोंद दीर नाहीतर भावकीतला कुणी करतो आणि दाखले त्याच्याच खिशात राहतात. मग बाई प्रत्येक दाखल्यासाठी त्याच्या दारात. त्यापेक्षा तुमच्या दोघींतल्या एकीनं तिला घेऊन ग्रामपंचायतीत जायचं, नोंद तिच्यासमोर करायची आणि दाखले तिच्याच हातात द्यायचे. घर दारिद्र्यरेषेखालचं असेल आणि कमावता माणूस साठीच्या आत गेला असेल, तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेचे २०,००० रुपये मिळतात. संजय गांधी निराधारचाही अर्ज तेव्हाच भरून टाका. तिथं उत्पन्नाचा दाखला लागतो, त्यात वेळ जातो.

पंचगंगाकाठ

घालते. दाखल्याच्या प्रती किती काढून ठेवायच्या?

सातबारा_बाई

वारस नोंदीला तलाठ्याकडं, बँकेत, सोसायटीत, विम्याला, रेशनकार्डाला, पोरांच्या शाळेत, निराधारच्या अर्जाला. आठ तरी काढा. आणि मूळ प्रत तिच्या ट्रंकेत, किल्ली तिच्याकडं.